मुलांचे पहिले उड्डाण

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या वाड्यावस्त्या लागतात, तेथील मुलांना विमान ही वस्तू आता अपूर्वाईची राहिलेली नाही. बारामती गावाबाहेर गोजुबावी आणि कटफळ यांच्या शिवाराला लागून विमानतळ आहे, आणि तेथे गेली कित्येक वर्षे वैमानिक तयार करणाऱ्या शाळा चालत आल्या आहेत. सकाळी प्रार्थनेची घंटा होण्याच्या सुमारास शिकाऊ विमानांची घरघर सुरू होते. एकच विमान धावपट्टीवरून उठते, उसावरून डावीकडे वळते, मोठा वळसा घेऊन पुन्हा धावपट्टीला चाके टेकवते आणि न थांबता परत वर जाते. बाराखडी गिरवणाऱ्या मुलाने एकच अक्षर पुनःपुन्हा काढावे, तसा हा प्रकार असतो. खाली जनावरे राखणारी पोरे प्रथम मान वर करतात, दुसऱ्या फेरीला डोळे किलकिले करतात आणि तिसऱ्या फेरीला पाहतही नाहीत. विमान त्यांच्या इतके परिचयाचे झाले आहे. तथापि त्या भागातील एखाद्या प्राथमिक शाळेत जाऊन, विमानात कोण बसले आहे असा प्रश्न केला, तर बहुतेक वर्गांत एकही हात वर होणार नाही.

अशा मुलांना एकदा, वीस मिनिटांपुरते का होईना, वर नेऊन आणले तर त्यातून काय निष्पन्न होईल? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटतो. पण जगातील काही जाणत्या माणसांनी तो गंभीरपणे विचारात घेतला, आणि त्यांपैकी कित्येकांनी पदरमोड करून त्याचे उत्तर शोधले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

यातला जुना आणि मोठा प्रयोग इंग्लंडातला. सर ॲलन कॉबम हे नाव त्या काळी तेथील आबालवृद्धांच्या तोंडी होते. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानाने जाऊन ते परत आले आणि १९२६ च्या ऑक्टोबरात थेट पार्लमेंटच्या इमारतीपुढे, थेम्स नदीच्या पात्रात उतरले. या गृहस्थांनी १९२९ साली एक नवाच उपक्रम हाती घेतला. दहाएक उतारू बसतील असे एक विमान घेऊन ते गावोगाव हिंडू लागले. विमानाचे नाव ‘यूथ ऑफ ब्रिटन’, म्हणजे ब्रिटनचे तारुण्य. प्रत्येक गावाने आपला विमानतळ बांधावा, हा त्यांचा मुख्य प्रचार होता आणि त्याकरिता ते नगराध्यक्षांना व नगरसेवकांना वर नेऊन त्यांचे गाव त्यांना दाखवीत. सर चार्ल्स वेकफील्ड या तेलाच्या व्यापाऱ्याने आपले नाव प्रकट न करता त्यांना पैसे दिले आणि त्या पैशांतून सुमारे दहा हजार शाळकरी मुलांना फुकट विमानफेरी मिळाली.

कॉबम यांचा हेतू निर्भेळ परोपकाराचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांना विमानतळ हवे होते, आणि वेकफील्ड यांचा धंदा यंत्रांच्या तेलाचा होता. पण नगरपालिकेच्या सभेत दहा भाषणे करून जे साधत नाही, ते घरी परतलेल्या एका मुलाच्या बडबडीने साधते, हे त्यांनी ओळखले असले पाहिजे. हेतू मिश्र होता म्हणून मुलांना झालेला आनंद कमी झाला असेल, असेही नाही.

पुढे हीच कल्पना अमेरिकेत अधिक व्यवस्थितपणे रुजली. तेथे विस्कॉन्सिन प्रांतात ऑशकॉश म्हणून गाव आहे. घरच्या घरी विमाने बांधणाऱ्या हौशी लोकांची १९५३ साली स्थापन झालेली ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था तेथून चालते. या संस्थेने १९९२ साली ‘यंग ईगल्स’, म्हणजे गरुडाची पिले, या नावाचा उपक्रम आरंभिला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला १७ डिसेंबर २००३ रोजी शंभर वर्षे पूर्ण होणार होती. तोपर्यंत दहा लाख मुलांना विमानातून फिरवून आणावयाचे, असा संकल्प होता. तो पुरा झाला, आणि २०१६ साली ही संख्या वीस लाखांवर गेली. हॅरिसन फोर्ड हा चित्रपटांतील विख्यात नट काही वर्षे या उपक्रमाचा अध्यक्ष होता. तो स्वतः वैमानिक असल्याने नुसत्या नावाचा अध्यक्ष न राहता मुलांना स्वतःच्या विमानातून नेत असे.

या उपक्रमात वैमानिकाला एक पैसाही मिळत नाही. विमान त्याचे, इंधन त्याचे आणि सुटीचा दिवसही त्याचाच. मूल आठ ते सतरा वर्षांच्या दरम्यानचे असावे लागते आणि पालकाची लेखी संमती लागते. अलीकडे तर मुलांशी कसे वागावे याचे शिक्षण घेतल्यावाचून आणि पूर्वचारित्र्याची चौकशी झाल्यावाचून वैमानिकाला या कामाची परवानगी मिळत नाही. गावोगावच्या विमानतळांवर सकाळी, वारा शांत असताना, मुले जमतात. वैमानिक मुलाला प्रथम विमानाभोवती एक प्रदक्षिणा घालावयास लावतो. पंखाची मागील कड वर गेली की काय होते, शेपटीचे सुकाणू कोणीकडे वळते, हे त्याला हाताने हलवून दाखवतो. टाकीच्या तळातून थोडे इंधन काचेच्या नळीत काढून त्यात पाणी उतरले आहे काय ते पाहतो, आणि मुलालाही पाहू देतो. मग पट्टे आवळून दोघे वर जातात. उंचीवर गेल्यावर, हवा स्थिर असल्यास, काही वैमानिक मुलाला क्षणभर दांडा हाती धरू देतात. पंधरा-वीस मिनिटांनी खाली आल्यावर वैमानिक आपल्या सहीचे प्रशस्तिपत्र देतो आणि मुलाचे नाव संस्थेच्या नोंदवहीत कायमचे लिहिले जाते.

संस्थेच्या एका पाहणीत असे आढळले की, अशी फेरी केलेली मुले पुढे वैमानिक होण्याचा संभव इतरांच्या पाचपटींहूनही अधिक असतो. हा आकडा ऐकून हुरळून जाण्यापूर्वी थोडा विचार करावा. ज्या मुलाला आईबापांनी सुटीच्या दिवशी पहाटे उठवून विमानतळावर आणले, त्याच्या मनात आकाशाची ओढ आधीपासूनच असली पाहिजे. वर्गात ज्याने हात वर केला त्यालाच फळ्यापाशी बोलवावयाचे आणि मग त्याला उत्तर येत होते म्हणून शिक्षकाने आपली पाठ थोपटून घ्यावयाची, तशातला हा प्रकार होण्याचा धोका आहे. शिवाय वीस लाखांतले बहुसंख्य वैमानिक झालेच नाहीत. त्यांना जे मिळाले ते या आकड्यात येत नाही, आणि बारामती-इंदापूरच्या मुलांच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे.

हिंदुस्थानातील विमानविद्येच्या इतिहासातही अशी एक बालपणीची फेरी आहे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचे बालपण काही अंशी फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्देलो या गावी गेले. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरियो यांचे घर त्याच गावात होते, आणि तेथील वाळूवर विमाने उतरताना हा मुलगा पाहत असे. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याला एका विमानातून हौसेची फेरी मिळाली. पुढे १० फेब्रुवारी १९२९ रोजी हिंदुस्थानात दिला गेलेला वैमानिकाचा पहिला परवाना याच मुलाच्या हाती पडला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी तो कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरला. तेथून तेच टपाल मद्रासकडे घेऊन जाणारे नेव्हिल व्हिन्टसेंट यांची हकीकत तितकीच बोलकी आहे. हे गृहस्थ प्रथम या देशात आले ते जुनी लष्करी विमाने घेऊन, गावोगाव लोकांना पैसे घेऊन हवेत फिरवण्याच्या धंद्यासाठी! टपालाची योजना त्यांनीच टाटांपुढे मांडली. जत्रेतल्या पाळण्यासारखा दिसणारा हा खेळ अशा रीतीने देशाच्या हवाई वाहतुकीच्या मुळाशी आहे.

इंदापूर तालुक्याचा संबंध तर याहून जवळचा आहे, आणि तो तेथील पुष्कळांच्या स्मरणात राहिलेला दिसत नाही. कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारून ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला. त्याची सुरुवातही प्रवासातच झाली. १९३९ साली अमेरिकेहून पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या एका विमानात त्यांना विल्यम पॉली हे विमान व्यवसायातील अमेरिकन गृहस्थ भेटले, आणि त्या गप्पांतून कारखान्याची कल्पना आकाराला आली. १९४१ साली त्या कारखान्यातून पहिले शिकाऊ विमान उडाले. ज्या तालुक्याच्या मातीत त्या उद्योगपतीचे नाव रुजले आहे, त्याच मातीवरून आज शिकाऊ विमाने फिरतात आणि खालची मुले त्यांचा आवाज ऐकत उसाच्या बांधावरून शाळेत जातात.

ते मूल वर गेले, तर त्याला काय दिसेल?

शाळेच्या भिंतीवर पुणे जिल्ह्याचा नकाशा टांगलेला असतो. त्यात कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्या निळ्या रेघांनी दाखवलेल्या असतात आणि मुले त्या रेघांवरून पट्टी फिरवून नावे पाठ करतात. वरून पाहता प्रथम नजरेत भरेल तो नीरेचा डावा कालवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सरकारने खणलेला हा कालवा जमिनीचा उतार सांभाळीत वळणे घेत जातो. त्याच्या वरच्या अंगाला करडा माळ, आणि खालच्या अंगाला नदीपर्यंत हिरवागार ऊस. दोन रंगांच्या मधोमध कोणी सुरीने कापल्यासारखी ती पाण्याची रेघ. माळावर राहणाऱ्या मुलाचे घर करड्या भागात येईल आणि त्याच्या वर्गमित्राचे हिरव्या भागात. आपल्या विहिरीला जानेवारीत पाणी का सरते आणि मित्राच्या विहिरीला का सरत नाही, याचा उलगडा त्याला एका दृष्टिक्षेपात होईल. भूगोलाच्या तासाला हे सांगता येते, पण सांगितलेले आणि पाहिलेले यांत फरक आहेच.

विमान जरा ईशान्येस वळले की सातआठ मिनिटांत भिगवण येते. तेथून पुढे उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला असतो. धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. हिवाळ्यात त्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते पाहण्यास पुण्यामुंबईची मंडळी येतात. त्याच पाण्यात पळसदेवचे प्राचीन देऊळ आहे. अवर्षणाच्या साली पाणी ओसरले म्हणजे ते आपले शिखर आणि सभामंडप घेऊन वर येते, व त्याच्या आसपास जुन्या गावांच्या भिंतींचे चौकोन उघडे पडतात. इंदापूर तालुक्यातील पुष्कळ मुलांच्या आजोबांचे घर त्या चौकोनांपैकी एखादे असेल. आजोबा नेहमी सांगत आलेला चावडीपासून देवळापर्यंतचा रस्ता त्या मुलाला तेथे वरून, उन्हाळ्याच्या दिवसांत, खरोखर पाहता येईल. फेरी थोडी लांबवता आली, तर नीरा आणि भीमा जेथे एक होतात ते नरसिंहपूर, म्हणजे नकाशातले जिल्ह्याचे आग्नेयेकडील टोक, हेही दिसेल.

इतके सगळे चांगले असेल, तर मग हे अद्याप कोणी का केले नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर भीतीचे आहे, आणि ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले एक शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. कडबनवाडी म्हणजे लांडगे आणि चिंकारा यांच्यासाठी प्रसिद्ध असलेला गवताळ माळ. विमानात बावीस वर्षांची एक शिकाऊ वैमानिक एकटीच होती. विमान मोडले, पण सुदैवाने तिला किरकोळ जखमांवर निभावता आले, आणि मदतीला आसपासचे शेतकरीच धावले. योगायोग असा की, १९०९ साली ब्लेरियोने खाडी ओलांडली ती तारीखही २५ जुलैच होती, आणि डोव्हरला उतरताना त्याचेही विमान मोडलेच होते! नंतर २०२३ च्या ऑक्टोबरात १९ आणि २२ या तारखांना, म्हणजे चार दिवसांच्या आत, बारामतीच्या परिसरात आणखी दोन शिकाऊ विमाने पडली. डोक्यावरून जाणारी घरघर अचानक थांबली तर काय करावयाचे, हा प्रश्न त्या शिवारातील आयांना काल्पनिक वाटत नाही. त्यांना कोणी भित्र्या म्हणू नये.

पण शिकाऊ हाताने चालवलेले विमान आणि हजारो तास उड्डाण केलेल्या माणसाने, निवडक हवेत, ठरावीक मार्गाने चालवलेले विमान यांत पुष्कळ अंतर आहे. शिकणाऱ्याने चुकावयाचे असते, कारण त्यासाठीच तो शाळेत आलेला असतो. बैलगाडी हाकावयास शिकणाऱ्या पोराच्या मागे कोणी नवी नवरी बसवीत नाही, तद्वतच शिकाऊ वैमानिकाच्या शेजारी मुलाला बसवण्याचा विचारही कोणी करू नये. तशी सोयही नाही. कडबनवाडीला पडलेले सेस्ना १५२ जातीचे विमान दोनच माणसांचे असते, एक विद्यार्थी आणि एक शिक्षक. तिसरी जागाच तेथे नाही.

दुसरी अडचण अशी की, अमेरिकेत हौशी माणसाच्या दारी जशी मोटार तसे विमान असू शकते. आपल्याकडे स्वतःचे विमान बाळगणारे लोक थोडे, आणि त्यांची विमाने बहुधा कामाची, हौसेची नव्हेत. म्हणून येथे ही हौस सरकारी मार्गानेच काही अंशी पुरवली गेली. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ साली स्थापन झाली आणि १९५० साली तिला हवाई शाखा जोडली गेली. त्या शाखेतील छात्रांना लहान विमानांतून आकाशाचा अनुभव देतात, आणि अनेक वैमानिकांचे पहिले उड्डाण तेच ठरले आहे. पुण्यात हडपसरला ग्लायडिंगचे सरकारी केंद्र होते. तेथे यंत्राच्या चक्रावर तारेचा दोर गुंडाळून बिनइंजिनाचे विमान वर खेचीत, आणि माफक शुल्क भरून सामान्य नागरिकालाही त्यात बसता येत असे. दिल्लीच्या बाजूस एका निवृत्त विमान अभियंत्याने तर मोडीत निघालेले एअरबस विमान विकत घेतले आणि गरीब मुलांना त्यात बसवून विमानप्रवासाचा देखावा सुरू केला. पट्टे बांधतात, सूचना होतात, खाऊ वाटला जातो. विमान मात्र जागचे हलत नाही. कोणी हसेल, पण त्या मुलांचे चेहरे ज्यांनी छायाचित्रांत पाहिले आहेत ते हसणार नाहीत.

अगदी अलीकडे, २०२५ साली, पुणे जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतील निवडक विद्यार्थ्यांना इस्रो आणि अमेरिकेतील नासा या संस्था दाखवण्यासाठी विमानाने पाठवले. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या साहाय्याने परीक्षा घेऊन ही निवड झाली. ज्या घरात आगगाडीचा प्रवासही दुर्मीळ, अशा घरांतली मुले त्यांत होती. उपक्रम सर्वथा स्तुत्य आहे. मात्र त्यात वर नेणारे विमान बक्षीस म्हणून मिळाले. इंग्लंडातल्या दहा हजारांना ते बक्षीस म्हणून मिळाले की नुसतेच मिळाले, हा प्रश्न शिक्षकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही, कारण यादी करण्याचे काम बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे येते, आणि शिक्षकाची लेखणी सवयीने पहिल्या क्रमांकापासून सुरू होते.

बारामतीस असा प्रयोग करावयाचा झाल्यास त्याला फार मोठा खटाटोप लागेल असे नाही. चार आसनांचे एक विमान, मुंबई-पुण्यात निवृत्त होऊन बसलेले पण परवाना आणि प्रकृती सांभाळून असलेले दोनतीन अनुभवी वैमानिक, नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालकांची रीतसर परवानगी, मुलांचा विमा, आणि आई व बाप या दोघांच्याही सह्या. एकट्या बापाची सही पुरेशी मानू नये. दिवस निवडावेत ते दिवाळीनंतरचे. तेव्हा पावसाळी ढग गेलेले असतात आणि उन्हाळ्याच्या दुपारचे झोत अजून दूर असतात. वेळ सकाळची, धुके निवळल्यानंतरची. प्रत्येक मुलाचे वजन शाळेत करून पाठवावे. ते विमानाच्या हिशेबाला लागते आणि शाळेच्या आरोग्यपत्रकातही उपयोगी पडते.

एक गोष्ट मात्र त्या याद्या करणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवावी लागेल. दिवाळीनंतरचे तेच दिवस गाळपाच्या हंगामाचे. मराठवाड्यातून आणि नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या याच दिवसांत माळेगाव, भवानीनगर आणि बिजवडीच्या कारखान्यांच्या आसपास उतरतात. त्यांच्या कोप्या उसाच्या फडाशेजारी, शिकाऊ विमानांच्या वाटेखालीच पडतात. त्यांची मुले दिवसभर ती विमाने पाहत धाकट्या भावंडांना राखतात. काहींची नावे साखरशाळेत असतात, पुष्कळांची कोठेच नसतात. स्थानिक शाळेच्या हजेरीपटावरून यादी केली, तर ती त्यात येणार नाहीत. आणि नाव शोधून घालावयाचे ठरले, तर आईबापांच्या सह्या घेण्यासाठी कोणाला तरी पहाटे, टोळी फडात शिरण्यापूर्वी, त्या कोप्यांवर जावे लागेल.